अमरावतीची तालीम : एका इतिहासाची प्रस्तावना

अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा विषय निघाला की बोलणं लगेच बर्लिनवर जातं. 1936 साली मंडळाचं पथक जर्मनीला गेलं, तिथे हुतूतू म्हणजे आजची कबड्डी खेळलं, मल्लखांब करून दाखवला, हे वऱ्हाडातल्या खेळ जाणणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या गोष्टीचा अभिमान मलाही आहे. तरी या इतिहासात बर्लिनच्या आधीची बावीस वर्षं आणि बर्लिनहून परतल्यानंतरचा काळ मला जास्त मोलाचा वाटतो. अंगात ताकद कमावणाऱ्या तालमी महाराष्ट्रात गावोगाव होत्या. ताकद कमवायला शिकवणारा मास्तर घडवणारी तालीम मात्र विरळा, आणि ती कापसाच्या एका पेठेत उभी राहिली. हे कसं झालं, याचा शोध म्हणून हा इतिहास वाचावा.

त्यासाठी आधी वऱ्हाड पाहावं लागतं. 1853 मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला, 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि दुसऱ्या वर्षी मध्य प्रांताला जोडून टाकला. कागदोपत्री मालकी हैदराबादची, हुकूम नागपूरहून येणारे, आणि वाचायची वर्तमानपत्रं पुण्याची, अशी इथल्या सुशिक्षित माणसाची स्थिती होती. सत्तेचं कुठलंच केंद्र जवळ नव्हतं. पैसा मात्र होता. काळ्या मातीतला कापूस अमरावती, अकोला, खामगावच्या पेठांतून मुंबईच्या रेल्वेवर चढत होता. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांभोवती वकील, दलाल, शिक्षक, कारकून यांचा नवा वर्ग जमला होता. 1897 मध्ये काँग्रेसचं 13 वं अधिवेशन अमरावतीत भरलं, अध्यक्ष होते सी. शंकरन नायर, आणि दादासाहेब खापर्ड्यांसारखा टिळकांचा जिवलग माणूस याच गावात वकिली करत होता. राजकीय भान होतं, पदरी थोडे पैसे होते, आणि काही उभारायचं तर ते स्वतःच उभारावं लागणार होतं. इथल्या बऱ्याच संस्थांच्या जन्मामागे हीच तीन कारणं दिसतात.

व्यायामच का, हा पुढचा प्रश्न. 1857 नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जातीजमातींची लढवय्या आणि बिनलढवय्या अशी वाटणी केली आणि सैन्यभरती त्या हिशेबाने फिरवली. 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातलं हत्यार गेलं. शिकलेला हिंदी माणूस अंगाने दुबळा, हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलं गेलं की ते खोटं पाडणं हा त्या पिढीचा ध्यास झाला. कलकत्त्यात 1902 मध्ये निघालेली अनुशीलन समिती वरकरणी व्यायामशाळाच होती. पुण्यात चाफेकर बंधूंनी तरुण जमवले तेही व्यायामाच्या आणि लष्करी शिक्षणाच्या निमित्ताने, आणि 1918 च्या रौलट समितीच्या अहवालात त्याची नोंद आहे. युजेन सँडो 1904-05 मध्ये हिंदुस्थानात येऊन शरीरसौष्ठवाचे खेळ करून गेला, त्यानेही तरुणांचं लक्ष वेधलं. बडोद्यात प्रा. माणिकराव शेकडो मुलांकडून एका ठेक्यात सांघिक व्यायाम करवून घेत होते, आणि त्याचे हुकूम देशी भाषेत देत होते.

अशा हवेत 1914 साली अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या भावांनी अमरावतीत काही मुलं जमवून काम सुरू केलं. सुरुवातीला ते हनुमान क्लब होतं, मग हनुमान आखाडा झालं आणि पुढे आजच्या नावाचं मंडळ. दोघेही संस्थानिक नव्हते, की कुठल्या साहेबाचा वरदहस्त त्यांच्यावर नव्हता.

इथे जरा थांबायला हवं. जुन्या तालमीत विद्या कशी चालायची? वस्ताद आपल्या पठ्ठ्याला हौद्यात घेऊन उतरायचा. डाव तोंडाने सांगितला जात नसे, अंगावर घेऊन कळायचा. पठ्ठा किती दिवस टिकतो, मन कसं आहे, घरी दूधतूप मिळतं का, हे सारं पाहून वस्ताद हात सैल करायचा, आणि एखादा डाव स्वतःजवळच राखून ठेवायचा. या पद्धतीने थोर मल्ल घडले. पण शाळेतल्या चाळीस मुलांच्या वर्गाला ती उपयोगी नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवी उभारी दिली, त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य ही विद्या घेऊन गावोगाव गेले. तरीही ती गुरूकडून चेल्याकडे जाणारी विद्याच राहिली.

अमरावतीच्या मंडळाने, आणि त्याच काळात पुण्या-बडोद्याच्या काही संस्थांनी, ही विद्या पाठांत मोडली. लेझीम घ्या. गणपतीच्या आणि लग्नाच्या मिरवणुकीत ती अंगात भिनलेली असते, कुणी कुणाला शिकवत नाही. तीच शंभर मुलांच्या रांगांना शिकवायची तर हाताची पहिली स्थिती कोणती, पाऊल कितव्या आकड्यावर पडतं, बसायचं कधी, वळायचं कधी, हे सगळं ठरवावं लागतं. लाठी, बोथाटी, फरी-गदगा, जोडी, दंडबैठका, पुरलेला मल्लखांब आणि वेताचा मल्लखांब, प्रत्येकाचं असंच. कोणत्या वयाच्या मुलाला काय द्यायचं, दुखापत कशी टाळायची, जाणकाराने उडी खांबावर घेतली तरी नवशिक्याने ती आधी जमिनीवर कशी घोटायची, हा क्रम बसवणं हे बुद्धीचं काम आहे. ते करणाऱ्यांची नावं पदकांच्या यादीत सापडत नाहीत. माझ्या मते या संस्थेची खरी विद्वत्ता तिथे आहे.

खेळांचंही तेच. ज्या 1914 मध्ये अमरावतीत क्लब निघाला त्याच साली पुण्यात खो-खोचे नियम लिहिले गेले. हुतूतूचे नियम 1923 मध्ये बडोद्यात छापले गेले. त्याआधी हुतूतूचे निरनिराळे चेहरे होते. संजीवनीत मेलेला गडी आपल्या संघाने समोरचा गडी मारला की जिवंत होऊन परत यायचा. गामिनीत तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचा. अमर प्रकारात गडी मरूनही मैदान सोडत नसे, फक्त गुण मोजले जात. गावागणिक मैदानाची मापं वेगळी, दम घोकायचा शब्द वेगळा. नियम झाले आणि संजीवनी टिकली, बाकीचे प्रकार मागे पडले. मला या बदलाचं दुःख आहे आणि तो आवश्यक होता असंही मी मानतो. अमरावतीच्या संघाला साताऱ्याच्या संघाशी खेळायचं असेल तर आखणी एकच हवी. पण इतिहास लिहिणाऱ्याने जे टिकलं त्याच्याबरोबर जे गेलं तेही टिपून ठेवायला हवं, कारण आट्यापाट्यांचा डाव सांजवेळी धुळीत रंगलेला पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत.

व्यायामाचे मास्तर घडवायला मद्रासला वाय.एम.सी.ए.ने 1920 मध्ये शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं होतं, हॅरी क्रो बक त्याचे प्रमुख. तिथला अभ्यासक्रम अमेरिकी वळणाचा, व्हॉलीबॉल-बास्केटबॉलचा. अमरावतीने दुसरी वाट धरली. मंडळाचे उन्हाळी वर्ग सुरू झाले तेव्हा शाळांना सुट्ट्या, मास्तर मोकळे, कापसाचा हंगाम उरकलेला. बाहेरगावचे शिक्षक वऱ्हाडच्या कडक उन्हात येऊन राहायचे, पहाटे आणि सायंकाळी मैदानावर घाम गाळायचे, आणि व्यायाम विशारद होऊन आपल्या शाळेत परत जायचे. या माणसांनी शाळेतला ड्रिल मास्तर बदलला. पूर्वी तो बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार असे, त्याला ‘लेफ्ट राइट’ यायचं आणि छडी यायची. त्याच्या जागी शरीरशास्त्राची तोंडओळख असलेला, देशी खेळ जाणणारा, मुलाला नावाने हाक मारणारा माणूस आला. अकोला, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर, मोर्शी इथल्या माणसांना आपले पी.टी.चे सर आठवत असतील, तर त्या आठवणीचा एक धागा अमरावतीच्या मैदानापर्यंत जातो.

सरकारला अशा आखाड्यांचा संशय होता आणि तो निराधार नव्हता. खेडचे शिवराम हरी राजगुरू काशीला जाऊन संस्कृत शिकले, आणि व्यायामाच्या शिक्षणासाठी अमरावतीच्या या आखाड्यात आले. पुढे लाहोरला डिसेंबर 1928 मध्ये पोलिस अधिकारी साँडर्सवर गोळी झाडली गेली आणि 23 मार्च 1931 रोजी भगतसिंग-सुखदेव यांच्याबरोबर ते फासावर गेले. त्यांचं नाव मंडळाच्या इतिहासात आदराने यायलाच हवं. फक्त एवढ्यावरून आखाडा म्हणजे क्रांतिकारकांचा अड्डा, असं चित्र रंगवू नये. वऱ्हाडातला त्या वेळचा तरुण टिळकांकडून गांधींकडे, तिथून क्रांतिकारकांकडे आणि परत, असा येत-जात होता. 1930 मध्ये समुद्र शेकडो मैल लांब असताना अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला, खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला. वीर वामनराव जोशी आणि ब्रिजलाल बियाणी त्या चळवळीत पुढे होते. काठी चालवायला शिकणं आणि काठी खाऊन हात न उचलणं, ही दोन्ही शिक्षणं त्या दशकात इथे शेजारी शेजारी चालू होती. दोहोंना शिस्त लागते, आणि त्या शिस्तीचं मूळ कुठे होतं हे तपासण्यासारखं आहे.

आणखी एक प्रश्न वाचकाने या इतिहासाला विचारावा असं मला मनापासून वाटतं. अमरावतीत 1927 साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली. पंजाबराव देशमुख तिच्यात होते आणि नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यासाठी अमरावतीला आले. देवळाच्या उंबऱ्यावर कोण उभा राहू शकतो, याचा झगडा ज्या गावात पेटला होता, त्याच गावात हौद्याच्या मातीत कोण कोणाला स्पर्श करत होतं? कुस्तीत अंगाला अंग लागतं, हुतूतूत पाय धरावा लागतो. स्पर्श टाळून हे खेळ होतच नाहीत. म्हणून आखाड्याचा दरवाजा कोणासाठी केव्हा उघडला, मुलींसाठी केव्हा उघडला, ही त्या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची तारीख ठरू शकते. गौरवग्रंथांना असल्या तारखा नकोशा वाटतात. मला वाटतं, ज्या संस्थेबद्दल प्रेम आहे तिलाच हा प्रश्न विचारता येतो.

आता बर्लिन. लोकांच्या बोलण्यात ‘1936 च्या ऑलिंपिकमध्ये कबड्डी होती’ असं वाक्य रूढ झालं आहे. ते सैल आहे. त्या ऑलिंपिकचे अधिकृत प्रदर्शनीय खेळ दोन, बेसबॉल आणि ग्लायडिंग. अमरावतीच्या पथकाचं स्थान ऑलिंपिकच्या निमित्ताने भरलेल्या शारीरिक शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्याच्या अंगाने समजून घ्यायला हवं. देशोदेशीचे शिक्षक आणि विद्यार्थी तिथे आपापल्या व्यायामपद्धती दाखवत होते, आणि तिथे हुतूतू, खो-खो, मल्लखांब, लेझीम आणि आखाड्यातले इतर प्रकार हिंदुस्थानची पद्धत म्हणून मांडले गेले. मला ही खरी हकीकत दंतकथेपेक्षा मोठी वाटते. ऑलिंपिकमध्ये एखादा खेळ दाखवला जाणं हा मान आहे. पण शिक्षकांच्या मेळाव्यात, जर्मन आणि स्वीडिश जिम्नॅस्टिक्सच्या जोडीला आपलीही एक विचारपूर्वक बांधलेली पद्धत आहे असं सांगता येणं, ही मंडळाच्या बावीस वर्षांच्या कामाची फेड होती. पाठ पाडलेले नसते, क्रम लावलेला नसता, तर तिथे चार जणांची कसरत दिसली असती, शिक्षणपद्धती दिसली नसती.

त्याच दिवसांत 15 ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा 8-1 असा पराभव केला. देशाला तो विजय आठवतो आणि ते योग्यच आहे. दोन्ही पथकं परक्या राज्याची प्रजा म्हणूनच तिथे होती. ज्या देशाचं नाव ती सांगत होती त्याचं स्वतःचं सरकार नव्हतं. आणि ज्या शहरात टाळ्या मिळाल्या त्या शहरातल्या सरकारने वर्षभर आधी न्युरेंबर्गचे कायदे करून ज्यूंचं नागरिकत्व हिरावून घेतलं होतं. त्या झगमगाटाचं वर्णन करताना ही गोष्ट वगळून चालणार नाही. शिस्तबद्ध शरीरांच्या रांगा पाहून भारावून जाणं त्या काळी सगळीकडे चालू होतं, हिंदुस्थानातही. वऱ्हाडातून गेलेल्या माणसांना तिथे काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे त्यांच्या पत्रांतून, डायऱ्यांतून कळलं तर तो आपल्या इतिहासाचा मोठा ठेवा होईल.

समुद्रापलीकडची एक तुलना इथे उपयोगाची आहे. फ्रेंचांच्या ताब्यातल्या उत्तर आफ्रिकेत याच काळात फुटबॉलचे क्लब निघत होते. ट्युनिसचा एस्पेरान्स 1919 मध्ये एका कॅफेच्या नावावरून निघाला आणि कायद्याच्या अटीपायी त्याला काही काळ फ्रेंच माणूस अध्यक्ष करावा लागला. अल्जीयर्सचा मुलूदिया 1921 चा, सूस या किनाऱ्यावरच्या लहान शहरातला एत्वाल 1925 चा, कॅसाब्लांकाचा विदाद 1937 चा. तिथल्या गल्लीबोळातल्या माणसाला सभा घेता येत नव्हती, पण आपल्या क्लबच्या रंगाचा कपडा घालून मैदानावर जमता येत होतं. 1958 मध्ये फ्रान्समध्ये नाव कमावलेले रशीद मेखलूफी, मुस्तफा झितूनी आणि त्यांचे सोबती गुपचूप देश सोडून ट्युनिसला गेले आणि स्वातंत्र्य न मिळालेल्या अल्जीरियाचा संघ म्हणून जगभर खेळले.

ट्युनिस किंवा सूसच्या माणसाने साहेबाचा खेळ घेतला आणि त्याच खेळात त्याला हरवण्याची ईर्षा धरली. मुंबईच्या जिमखान्यांनी क्रिकेटच्या बाबतीत तेच केलं. अमरावतीने घरचे खेळ घेतले. पण शिट्टी, गणवेश, रांग, परीक्षा, प्रमाणपत्र हे सारं तिनेही साहेबाच्या शाळेतूनच उचललं, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. जुन्या विद्येला नव्या शाळेत जागा मिळवून द्यायची तर शाळेची भाषा बोलावी लागते. वैद्य बंधूंना हे फार लवकर कळलं होतं, असं मला वाटतं.

बर्लिननंतरचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्याची कागदपत्रं तुलनेने हाताशी आहेत. 1938 मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धांत कबड्डीला जागा मिळाली, 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, 1982 च्या दिल्ली आशियाडमध्ये ती प्रदर्शनीय होती आणि 1990 मध्ये बीजिंगला तिचं सुवर्णपदक भारताने घेतलं. या प्रवासात बुवा साळवींचा आणि मुंबई-कोकणाचा वाटा मोठा आहे. सगळं श्रेय अमरावतीकडे ओढण्याचं कारण नाही. मंडळाने आपली रेघ वेगळी वाढवली. 1967 मध्ये शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय सुरू झालं, आधी नागपूर विद्यापीठाच्या आणि 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्या छत्राखाली. प्रभाकरराव वैद्यांनी ही संस्था दीर्घकाळ सांभाळली आणि 2012 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे अभियांत्रिकीसकट इतर शाखाही आल्या. अभियांत्रिकीच्या इमारती पाहून काही जुनी माणसं हळहळतात. संस्था चालवायला पैसा लागतो हे खरं असलं तरी त्यांची हळहळ मला समजते.

वऱ्हाडचं मैदान आज बदललं आहे. अकोल्याचा मुलगा आता अथर्व तायडे किंवा आदित्य ठाकरे व्हायचं स्वप्न पाहतो, अमरावतीचा जितेश शर्मा. विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 अशी सलग दोनदा रणजी जिंकली, 2024-25 मध्ये पुन्हा जिंकली, आणि त्यात लहान गावांतून आलेल्या मुलांचा हात होता. या मुलांना पहिल्यांदा पळायला, पडायला, उठायला शाळेतल्या कोणीतरी शिकवलं असणार. त्या शिक्षकाची जागा आता अनेक शाळांत रिकामी आहे, किंवा त्याच्या तासाला गणित घेतलं जातं. 2014 पासून प्रो कबड्डी टीव्हीवर दिसू लागली आणि खेळाडूंना पैसे मिळू लागले, ही आनंदाची गोष्ट. पण टीव्हीवरचा खेळाडू घडायला आधी तिसरी-चौथीच्या वर्गाला रांगेत उभं करणारा माणूस लागतो, आणि तो माणूस घडवणं हेच या संस्थेचं पहिल्यापासूनचं काम होतं.

हा इतिहास पुरा करायचा तर अजून बरंच गोळा करावं लागेल. उन्हाळी वर्गांच्या हजेरीवह्या, व्यायाम विशारदची प्रमाणपत्रं, छापील नियमपुस्तिका, मैदानावरचे सामूहिक फोटो आणि त्यांच्या मागे लिहिलेली नावं हे सगळं अमरावती-अकोल्याच्या घरांत ट्रंकांच्या तळाशी असणार. निवृत्त पी.टी. शिक्षकांच्या मुलानातवंडांनी ते बाहेर काढावं, रद्दीत देऊ नये. मास्तर कोणत्या वर्षी वर्गाला गेले, तिथून परतल्यावर आपल्या शाळेत काय काय सुरू केलं, कोणत्या घरच्या मुलांना आणि मुलींना पहिल्यांदा मैदानावर आणलं, हे आठवत असेल तर वहीत लिहून मंडळाच्या ग्रंथालयात किंवा जवळच्या नगर वाचनालयात द्यावं. मास्तरांचे अजून हयात असलेले विद्यार्थीही आता म्हातारे झाले आहेत. तेव्हा हे काम याच उन्हाळ्यात हाती घ्यावं.